घोटा मोडल्यानंतरची डर्बी : चाळिशीच्या उंबरठ्यावर खेळ सुरू करणाऱ्या एका खेळाडूचं प्रकरण

मूळची साताऱ्याकडची, वय ३९, इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका शहरात रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी एक बाई आमच्या लीगमध्ये, म्हणजे क्लबमध्ये, रोलर डर्बी शिकायला आली. त्याआधी तिने पायाला चाकं कधी बांधली नव्हती. सातव्या महिन्यात, धक्क्यांचा सराव नुकताच सुरू झालेला असताना, तिचा उजवा घोटा मोडला. मोठेपणी हा खेळ सुरू करणारे बरेच जण असं काही झालं की परत येत नाहीत. ती परत आली, आणि आली ती पहिल्यापेक्षा चांगली खेळाडू होऊन. हे कशामुळे झालं ते इथे मांडते आहे.

मी या लीगमध्ये नवशिक्यांचा वर्ग घेते आणि व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्यावर उपचार मी केले नाहीत, ते रुग्णालयातल्या विभागाने केले. पण ट्रॅकवरची तिची वाटचाल पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर झाली. तिच्या संमतीने, नाव न देता लिहिते आहे.

खेळ कसा चालतो

मराठी माणसाला रोलर डर्बी समजावताना मी कबड्डीपासून सुरुवात करते. एकटीने आत घुसणारी चढाईपटू, तिला रोखणारी भिंत आणि अंगाला अंग भिडणं, हे तिन्ही इथे आहे. फरक एवढा की सगळ्याजणी चाकांवर असतात आणि दोन्ही संघांची चढाई एकाच वेळी चालू असते. चेंडू नसतो.

लंबगोल ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने खेळ चालतो. प्रत्येक संघाच्या पाचजणी उतरतात. जिच्या हेल्मेटच्या टोपीवर चांदणी असते ती जॅमर, बाकीच्या चार ब्लॉकर. त्या चारांतली एक पट्टा असलेली टोपी घालून पिव्हट होऊ शकते, आणि गरज पडली तर जॅमरकडून चांदणी घेऊन पुढचं काम स्वतः करू शकते. खेळाच्या एका डावाला जॅम म्हणतात; तो जास्तीत जास्त दोन मिनिटांचा असतो, मग तीस सेकंदांची उसंत, मग पुढचा जॅम. असे तीस-तीस मिनिटांचे दोन भाग. जॅमरने ब्लॉकरांच्या घोळक्यातून पहिल्यांदा बाहेर पडण्याला गुण नाही, पण जी आधी नियमात राहून बाहेर पडेल ती लीड जॅमर ठरते. दोन्ही हात कमरेवर वारंवार आपटून ती हवा तेव्हा जॅम संपवू शकते. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत प्रतिस्पर्ध्यांची जेवढी ब्लॉकर मागे टाकाल तेवढे गुण.

ब्लॉकरचं काम सर्वांत अवघड, असं माझं ठाम मत आहे. समोरच्यांच्या जॅमरला अडवायचं आणि त्याच क्षणी आपल्या जॅमरला वाट काढून द्यायची. शिवाय घोळका फुटू द्यायचा नाही. दोन्ही संघांच्या ब्लॉकर एकमेकींपासून दहा फुटांच्या आत राहिल्या तरच त्याला पॅक म्हणतात, आणि पॅक नसेल तर कुणाला अडवताही येत नाही.

धक्का कशाने द्यायचा, कुठे द्यायचा याचे नियम काटेकोर आहेत. खांदा, दंड, छाती, कंबर, मांडीचा वरचा भाग चालतो. कोपराच्या खालचा हात आणि पंजा चालत नाही. पाठीवर, डोक्यावर, मांडीच्या मध्यापासून खाली धक्का चालत नाही. हाताने पकडायचं नाही, ढकलायचं नाही. दोघींनी हात गुंफून वाट अडवली तर तोही दंड. दंड झाला की तीस सेकंद पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं, आणि सात दंड झाले की सामन्यातून बाहेर.

कबड्डी खेळलेल्या वाचकाच्या लक्षात आलं असेल की साखळी धरणं आणि घोटा पकडणं या आपल्या हुकमी गोष्टी इथे गुन्हा आहेत. या प्रकरणात हा मुद्दा पुढे महत्त्वाचा होतो.

इतिहास थोडक्यात सांगते. १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्टझर यांनी स्केटवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा खेळ म्हणून ही डर्बी सुरू केली. धक्काबुक्की त्यात मागाहून आली, दूरचित्रवाणीने ती घराघरांत नेली, आणि १९७३ मध्ये सेल्टझर कुटुंबाने आपला धंदा बंद केला. आज जो खेळ जगभर चालतो त्याची सुरुवात २००१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात बायकांनी केली. जुना ट्रॅक उतरता, लाकडी आणि महागडा होता. त्याऐवजी सपाट जमिनीवर चिकटपट्टीने आखायचा ट्रॅक त्यांच्यातल्या काहींनी स्वीकारला आणि तिथून खेळाचं नशीब पालटलं. कुठलाही मोठा हॉल भाड्याने घ्या, पट्टीखाली दोरी घालून रेघ आखा म्हणजे सीमारेषा पायालाही कळते, खेळा, आणि संध्याकाळी पट्टी उखडून घरी जा. २००४ मध्ये या लीगा एकत्र आल्या आणि त्यातून डब्ल्यूएफटीडीए (विमेन्स फ्लॅट ट्रॅक डर्बी असोसिएशन) ही संघटना उभी राहिली. लंडनमध्ये २००६ साली पहिली ब्रिटिश लीग निघाली.

तेव्हापासून या खेळाचं तत्त्व आहे, खेळाडूंनी खेळाडूंसाठी चालवलेला खेळ. आमच्याकडे पगारी माणूस कुणी नाही. हॉलचं भाडं, विमा, प्रथमोपचार, पंचांची जुळवाजुळव, सगळं सदस्यच करतात.

ती आली तेव्हा

पुण्यामुंबईकडे स्केटिंगच्या वर्गाला गर्दी असते ती शाळकरी मुलांची. मोठं माणूस काठावर पाण्याची बाटली धरून उभं असतं. तिचंही लहानपणी तसंच झालं: तिच्या गावात स्केटिंग नव्हतंच, होती ती शाळेची कबड्डी. जिल्हा पातळीपर्यंत ती खेळली होती, मग बारावी, पदवी, लग्न, परदेश, मूल. अंगाला अंग भिडवणारा खेळ सुटून वीस वर्षं झाली होती. प्रयोगशाळेतल्या एका सहकारी बाईने तिला आमचा सामना पाहायला आणलं आणि पुढच्या वर्गाला तिने नाव नोंदवलं. आईने साताऱ्याहून फोनवर विचारलं, “या वयात हाडं मोडून घ्यायची हौस कशाला गं?” हा प्रश्न मला अजिबात खुळा वाटत नाही. मोठ्या माणसाचं हाड मोडलं तर त्याबरोबर पगार, गाडी चालवणं, मुलीला शाळेत सोडणं, स्वयंपाक असं सगळंच अडकतं. वीस वर्षांच्या पोरीचं तेवढं अडकत नाही.

साहित्य तिने लीगकडून उसनं घेतलं. पुढे दोन, मागे दोन अशा चार चाकांचे क्वाड स्केट, हेल्मेट, दातांचं कवच, कोपर आणि गुडघ्यांचे पॅड, मनगटाचे गार्ड. यातलं एकही नसेल तर ट्रॅकवर पाय ठेवता येत नाही. सगळं नवं घ्यायचं म्हटलं तर अडीचशे-तीनशे पौंडांच्या घरात जातं, म्हणून पहिले काही महिने उसनं वापरा असंच मी सगळ्यांना सांगते. मात्र दातांचं कवच स्वतःचं घ्या आणि हेल्मेट जुनं, आपटलेलं नको.

उसन्या स्केटची एक अडचण पहिल्याच आठवड्यात दिसली. त्यांना ९७ए कठीणतेची चाकं होती. चाकाचा आकडा जितका मोठा तितकं ते कडक आणि तितकं घसरतं. तरबेज खेळाडूला घसरणारं चाक हवं असतं, कारण तिला आडवं सरकून थांबायचं असतं. पॉलिश केलेल्या लाकडी फरशीवर नवशिक्या माणसाचे पाय मात्र त्याच चाकांमुळे दोन दिशांना पळतात. तिला वाटलं आपल्या मांड्यांत जोर उरला नाही. थोडी मऊ चाकं चढवली आणि त्याच संध्याकाळी ती सरळ उभी राहिली. मोठ्या वयाचा नवशिका प्रत्येक अडचणीचं खापर वयावर फोडतो, म्हणून शिकवणाऱ्याने आधी चाकं, ट्रकचा (चाकांचा आस धरणाऱ्या भागाचा) घट्टपणा आणि बुटाचं माप तपासावं, असं मी आग्रहाने म्हणते.

सात महिने

आम्ही चालायच्या आधी पडायला शिकवतो. मोठं माणूस तोल गेला की मागे कलतं आणि हात मागे टेकतं. मनगट आणि माकडहाड त्यातच जातं. म्हणून आधी गुडघे वाकवून पुढे, पॅडवर पडायचं, एका गुडघ्यावर, मग दोन्ही, मुठी आवळून, कारण उघड्या बोटांवरून दुसरीचं चाक जातं. अंग आखडून लहान व्हायचं म्हणजे मागून येणारी अडखळत नाही. मग हात न टेकता तीन सेकंदांत उभं राहायचं.

यात ती वर्गातल्या सगळ्यांच्या पुढे होती आणि त्याचं कारण मला लगेच कळलं. तिला उकिडवं बसता येत होतं, टाचा जमिनीला टेकवून, आरामात. डर्बीत उभं राहायची जी रीत आहे तिच्यात गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेपर्यंत पुढे यावा लागतो, आणि त्यासाठी घोटा वाकावा लागतो. खुर्ची-कमोडवर आयुष्य गेलेल्या माझ्या बऱ्याच इंग्रज विद्यार्थिनींचे घोटे तेवढे वाकत नाहीत. मग वजन टाचांवर जातं आणि त्या मागे पडतात. गावाकडच्या सवयीने तिला ही देणगी आयती मिळाली होती.

थांबणं मात्र तिला जमेना. दोन्ही टाचा बाहेर ढकलून फाकलेल्या पायांनी थांबायचं, याला प्लाऊ म्हणतात. मांडीच्या आतल्या आणि कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंचं ते काम आहे आणि ते हळूहळूच तयार होतात. शिवाय पाच मिनिटांत २७ फेऱ्यांची चाचणी होती. संघटनेच्या किमान कौशल्यांच्या यादीत पूर्वी २५ फेऱ्या होत्या, नंतर २७ झाल्या, आणि नवशिक्यांसाठी अनेक लीगा हा आकडा अजूनही धरून असतात. फेरी साधारण पन्नास मीटरची. म्हणजे ताशी सोळा किलोमीटरचा वेग, वळणांवर पाय ओलांडत, पाच मिनिटं. तिच्या पहिल्या वेळी १६ झाल्या, पाचव्या महिन्यात २२.

या चाचणीबद्दल माझी तक्रार आहे. ती दम आणि वळणावरचं पाऊल मोजते, थांबणं मोजत नाही. तरीही आकडा असल्यामुळे नवशिक्या बाया त्याच्याच मागे लागतात. घरी जिन्यावर धावतात, वहीत फेऱ्या मांडतात, आणि प्लाऊ तसाच कच्चा राहतो. ती हेच करत होती. मी सांगत होते, ती ऐकत होती, पण वहीत आकडेच वाढत होते.

सहाव्या महिन्यात धक्क्यांचा सराव सुरू झाला. नवीन बायका इथे बहुधा बिचकतात, प्रत्येक धक्क्यानंतर माफी मागतात. हिच्याबाबतीत उलटं होतं. कबड्डीचं अंग जागं झालं. भिडण्यात तिला कमालीचा आनंद होता, हसत भिडायची. पण हात आवरत नव्हते. जॅमर निसटू लागली की पंजा पुढे जायचा, शेजारणीचा हात धरून साखळी करायची. सरावातला पंच दर दोन मिनिटांनी तिचा रंग, नंबर आणि “फोरआर्म” (कोपराखालचा हात) ओरडायचा. तिला वाटे ही जुन्या खेळाची खोड आहे, घासून घासून जाईल. मलाही त्या वेळी दुसरं कारण दिसत नव्हतं.

घोटा मोडला तो कुणाच्या धक्क्याने नाही. सरावाची शेवटची दहा मिनिटं होती. ती दमलेली होती, जॅम संपल्याची शिट्टी झाली होती, ती सरळ उभी राहून सावकाश जात होती. शेजारणीचं चाक तिच्या चाकात अडकलं. पाय जागीच राहिला आणि अंग बाजूला गेलं. आवाज दोघीतिघींना ऐकू आला. फिब्युला म्हणजे पायाच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, ते सांध्याच्या पातळीवर मोडलं होतं. डॉक्टर याला वेबर बी म्हणतात. सांधा जागेवर होता म्हणून शस्त्रक्रिया टळली. सहा आठवडे आधाराचा बूट. उजवा पाय, म्हणून गाडी बंद. प्रयोगशाळेत उभं राहायचं काम, म्हणून रजा.

बॉक्सजवळची खुर्ची

तिला घरी बसवायचं नाही, हे आम्ही दोघींनी त्याच आठवड्यात ठरवलं. दया म्हणून नाही, खरंच गरज होती म्हणून. डर्बीच्या एका सामन्याला सातपर्यंत स्केटवरचे पंच लागतात आणि त्याशिवाय खुर्चीवर किंवा पायी काम करणारे दहाबारा जण. गुण लिहिणारे, दंड नोंदणारे, कोण कुठल्या जॅममध्ये उतरलं ते टिपणारे, फलक चालवणारे, जॅमचं घड्याळ सांभाळणारा, पेनल्टी बॉक्सचे वेळाधिकारी. या माणसांशिवाय सामना होत नाही आणि ही माणसं कुठल्याच लीगला पुरत नाहीत. इतक्या खेळाडूंना इतकी माणसं लागणारा खेळ मला तरी दुसरा माहीत नाही. मोठेपणी सुरुवात करणाऱ्यासाठी मी याला खेळाची सर्वांत मोठी कृपा मानते. फेऱ्या १६ होवोत की २७, पहिल्या महिन्यापासून तुम्ही कामाचे असता.

ती कुबड्या घेऊन आली आणि पेनल्टी बॉक्सला बसली. काम दिसायला सोपं असतं. दंड झालेली खेळाडू येऊन खुर्चीत टेकली की घड्याळ चालू करायचं. शेवटचे दहा सेकंद उरले की “स्टँड” म्हणायचं, ती उभी राहते. तीस झाले की “डन”, ती सुटते. जॅम संपला तर घड्याळ थांबतं, पुढचा सुरू झाला की परत चालू. दोन्ही जॅमर एकदम बॉक्समध्ये आल्या तर पहिलीला दुसरी बसताच सोडायचं आणि दुसरीने पहिलीइतकाच वेळ बसायचं. डोकं थंड ठेवावं लागतं. प्रयोगशाळेत नमुने मोजणाऱ्या बाईला हे चांगलं जमलं. पंचांचे हातवारे, दंडाच्या अक्षरांच्या खुणा, आकडा एकेक अंक सुटा करून ओरडायची पद्धत, हे सगळं तिला आठवडाभरात पाठ झालं.

काही सरावांनंतर तिने मला बाजूला घेतलं. “ताई, एक बघा. गुडघे सरळ झाले की हात वर येतात. सगळ्यांचेच. आधी गुडघे, मग हात.”

मी पुढचे जॅम तिच्याजवळ बसून पाहिले. खुर्चीवरून डोळे बरोबर खेळाडूंच्या कमरेच्या उंचीवर येतात. उभ्याने शिकवताना मी चेहरे आणि खांदे पाहत असते, तिला मांड्या आणि गुडघे दिसत होते. आणि ती म्हणत होती ते जसंच्या तसं घडत होतं. जॅमच्या पहिल्या वीस सेकंदांत सगळ्या खाली बसलेल्या, हात छातीशी. मग दम लागतो, मांड्या जळतात, गुडघे सरळ होतात. सरळ उभ्या माणसाचा तोल वर असतो, धक्का बसला की शरीर आधार शोधतं, आणि हात आपोआप पुढे जाऊन समोरचीला धरतो. पंच “फोरआर्म” ओरडतो तेव्हा चूक हाताची दिसते, पण झालेली असते पायांची.

इथे तिच्या स्वतःच्या दोन्ही गोष्टींचा उलगडा झाला. तिचे दंड कबड्डीच्या सवयीने होत होते, हे अर्धंच खरं होतं. सवय होती, पण ती बाहेर पडत होती दमल्यावर, सरळ उभं राहिल्यावर. आणि घोटा मोडला तोही दमून सरळ उभी असताना. वाकलेल्या घोट्या-गुडघ्याच्या माणसाचं चाक अडकलं तर बहुतेक वेळा तो पॅडवर बसतो. सरळ उभा असेल तर बाजूला कोसळतो आणि पाय स्केटमध्ये अडकून राहतो. ज्या मांड्यांना तिने फेऱ्या मोजत पळवलं त्यांना खाली बसून टिकायची तालीम मिळालीच नव्हती.

हे तिला सरावात राहून कळलं असतं का? मला शंका आहे. खेळताना माणूस चेंगरलेला असतो, पुढचा श्वास आणि पुढचा धक्का एवढंच दिसतं. लहान मुलं न बघताही शरीराने शिकतात, त्यांच्याकडे तेवढे तास असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळणाऱ्या, नोकरी-घर सांभाळणाऱ्या बाईकडे ते तास नाहीत. तिच्याकडे जे आहे ते म्हणजे नीट पाहण्याची आणि पाहिलेल्यातून कारण काढण्याची वीस वर्षांची सवय. ती वापरायला तिला एक खुर्ची मिळाली.

परत चाकांवर

बूट निघाल्यावर घोटा ताठरला होता. उकिडवं बसायला गेली तर उजवी टाच उचलली जाई. तिला याचं मोडलेल्या हाडापेक्षा जास्त वाईट वाटलं, जन्मापासूनची गोष्ट गेल्यासारखं. आम्ही तेच मोजमाप धरलं. फिजिओ विभागाने दिलेले व्यायाम होतेच: भिंतीसमोर पाय ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवणं, एका पायावर चवड्यांनी उचलणं, डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. घरी मात्र ती भाजी निवडायला उकिडवी बसू लागली, आधी टाचेखाली दुमडलेला टॉवेल घेऊन, मग पातळ पुस्तक, मग काही नाही.

टाच टेकली त्यानंतरच स्केट. मधल्या काळात लीगमधल्या काही जणी तिला “चल, हळूहळू ये” म्हणत होत्या. प्रेमाने म्हणत होत्या, पण दुखावलेल्या घोट्याला प्रेम कळत नाही, वाक आणि ताकद कळते. मोडल्यापासून पाच महिन्यांनी ती पुन्हा ट्रॅकवर उतरली. पहिले काही आठवडे धक्के नाहीत. मग ठरवून दिलेला, सांगून मारलेला धक्का. मग खेळ. आणि एक अट तिने स्वतः घातली. दम लागून गुडघे सरळ होऊ लागले की ती हात वर करून बाहेर येणार, सरावाची किती मिनिटं उरली आहेत हे न बघता. जिद्द म्हणजे शेवटपर्यंत टिकणं असं मानणाऱ्या खेळाडूला हे कठीण जातं. तिला सुरुवातीला फार कठीण गेलं.

२७ फेऱ्यांसाठी तिने वेगळं काही केलं नाही. भिंतीला टेकून बसण्याचा आणि खाली वाकून सावकाश प्लाऊ करण्याचा सराव मात्र रोज केला. पुढच्या चाचणीत २८ झाल्या.

जागाही बदलली. आधी ती ब्लॉकरांच्या भिंतीच्या कडेला, जॅमरच्या वाटेत असायची. आता आम्ही तिला ब्रेस केलं. आमच्या बचावात तिघी त्रिकोण करतात. दोघी खांद्याला खांदा लावून जॅमरला पाठीने अडवतात, आणि तिसरी त्यांच्याकडे तोंड करून, उलटं स्केटत, त्यांना छातीने आणि हातांनी आधार देते. आपल्याच संघातल्यांना धरायला बंदी नाही. म्हणजे कबड्डीचे जे हात दंड ओढवत होते त्यांना इथे रास्त काम मिळालं. शिवाय ब्रेसला मागचं सगळं दिसतं, जॅमर आतून येते आहे की बाहेरून, पॅक फुटत आहे का, हे तीच ओरडून सांगते. बॉक्सजवळ बसून तिने नेमकं हेच वाचायला शिकलं होतं. तिचा आवाज साताऱ्याचा, हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचतो.

पहिला सामना घोटा मोडल्याच्या अकराव्या महिन्यात झाला. नंबर चार आकड्यांपर्यंत काहीही घेता येतो, तिने ४१५ घेतला, साताऱ्याच्या पिनकोडातले पहिले तीन. सामना आम्ही मोठ्या फरकाने हरलो. तिला तीन दंड झाले, त्यातला एकच हाताचा, तोही दुसऱ्या भागाच्या अखेरीला. बाकीचे दोन ट्रॅकबाहेर ढकलली गेल्यावर चुकीच्या जागेवरून आत आल्याचे, जे नवशिक्या प्रत्येकीला होतात. आईला तिने चित्रफीत पाठवली. आईने पूर्ण पाहिली आणि विचारलं, “ती चांदणीवाली सुटली कशी? तुमच्या तिघींत फट पडली होती.” फट खरंच पडली होती.

यातून काय घ्यावं, काय घेऊ नये

एका बाईवरून नियम बांधता येत नाही. तिच्याच तुकडीतल्या दुसऱ्या एकीला खुर्चीवरचं काम अजिबात रुचलं नाही. मी पंच व्हायला आले नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं आणि ती थेट खेळूनच तयार झाली, उत्तम जॅमर आहे. शिवाय हिचा अस्थिभंग सरळ होता, शस्त्रक्रियेविना जुळणारा. धातूची पट्टी आणि स्क्रू लागले असते, किंवा गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटला असता, तर काळ आणि निर्णय दोन्ही वेगळे झाले असते. आणि तिला पगारी रजा होती. ज्यांना ती नाही त्यांनी पहिल्या धक्क्याआधी याचा हिशेब मांडावा.

तरी वर्गात मी काही गोष्टी बदलल्या आहेत. धक्क्यांचा सराव आता पहिल्या तासाभरात संपतो, शेवटच्या वीस मिनिटांत फक्त थांबणं आणि ताण काढणं. फेऱ्यांची चाचणी आहे, पण त्याआधी प्लाऊची चाचणी, आणि ती झाल्याशिवाय फेऱ्या मोजायच्या नाहीत. पंच आता नवशिक्यांना दंड सांगताना गुडघ्यांकडेही बघतात आणि जॅमनंतर सांगतात. आणि प्रत्येक नवीन बाई पहिल्या महिन्यातच एक संध्याकाळ पेनल्टी बॉक्सजवळ घड्याळ घेऊन बसते, धडधाकट असली तरी. तो भाग तीच शिकवते. तिचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: आत्ता जी आली तिला कशाचा दंड झाला? उत्तर मिळालं की दुसरा: त्याच्या दोन सेकंद आधी तिचे गुडघे कसे होते? बहुतेकींना सांगता येत नाही, कारण त्या चेहऱ्याकडे बघत असतात. मग ती त्यांना पुढचा जॅम फक्त कमरेखाली बघायला लावते.

उजवा घोटा थंडीत अजून कुरकुरतो आणि डाव्याइतका वाकत नाही, थोडा कमीच. म्हणून ती थांबताना डाव्या पायावर भर देते, आणि जॅमर व्हायचा विचार तिने सध्या बाजूला ठेवला आहे. पुढच्या हंगामात पाहू, असं म्हणाली आहे.